ताठ पोट आणि आबांचा हुकूम
गुऱ्हाळावरचा उकळत्या रसाचा वास आला की मला आमच्या फौजी दादाचं पोट आठवतं आणि हसू फुटतं. सत्तरच्या दशकात दादा पहिल्यांदाच सुट्टीवर रहिमतपूरला आला होता. दिवसभर गुऱ्हाळावर बसून त्यानं गरम गूळ आणि शेंगदाणे हाणले आणि दिवेलागणीला पोट धरून आडवा झाला. डॉक्टर आले, त्यांनी गार हात ठेवला मात्र, पोट पाटासारखं टणक! पुन्हा दाबलं, तरी तेच. “अल्सरला भोक पडलं असेल, नाहीतर अपेंडिक्स फुटलं असेल. लगेच साताऱ्याला हलवा,” ते म्हणाले. आईनं तोंडाला पदर लावला, मी जीपवाल्याकडं पळायला चपला शोधू लागले. तेवढ्यात फौजेतून पेन्शनीत आलेले आबा, आमचे वडील, खाटेपाशी वाकले. दादाची हनुवटी वर, मुठी मांड्यांना चिकटलेल्या, टाचा जुळलेल्या. “आवं डॉक्टर, त्याला काय बी झालं न्हाई. भरतीच्या मेडिकलवानी पोरगं सावधानमधी हाय!” म्हणत आबा कडाडले, “विश्राम!” दादाचे पाय फाकले, श्वास सुटला आणि पोट भिजवलेल्या कणकेसारखं मऊ पडलं. डॉक्टरांनी सगळीकडं दाबून पाहिलं. नुसता गॅस! ओवा चघळत दादा लाजला आणि आई डोळे पुसत एवढी हसली की तिलाच ठसका लागला. परवा डॉक्टरीणबाई माझं पोट तपासताना म्हणाल्या, “आजी, सैल सोडा की.” मी पायांकडं पाहिलं, तर माझ्याही टाचा जुळलेल्या.