आहेर नावाचा आरोपी

त्या प्रकरणाची फाइल आता माझ्याकडे नाही, पण तिच्यातल्या बऱ्याच ओळी मला पाठ आहेत. पोलिसांच्या आठवणी साधारणपणे साठीनंतर लिहिल्या जातात. मी या प्रकरणानंतर, तेहतिसाव्या वर्षी नोकरी सोडली, म्हणून लवकर लिहिते आहे. नावं कोणाचीच देत नाही.

माझा जन्म कोलकात्यातल्या एका मराठी घरातला. सायबर पोलीस ठाण्यात मी सब-इन्स्पेक्टर होते आणि त्या महिन्यात माझी नेमणूक महिला मदत कक्षात होती. मदत कक्ष म्हणजे जिन्याखाली एक टेबल, दोन खुर्च्या आणि तक्रारींची वही. एके सकाळी एक माशी येऊन उभी राहिली. साफसफाई करणाऱ्या बायकांना इथे माशी म्हणतात, म्हणजे मावशी. ती न्यू टाउनच्या एका इमारतीत सातव्या मजल्यावर काम करायची.

"दीदी, तक्रार नाही, एक विचारायचंय," ती बंगालीत म्हणाली. "आमच्या ऑफिसातली पोरं तुमचीच माणसं का?"

"कसली पोरं?"

"संध्याकाळपासून आपलं ऑफिसार, ऑफिसार. इंग्रजीत कोणाला तरी दटावतात. मग फोन ठेवतात आणि पोट धरून हसतात. पोलीस असतील तर वर्दी कुठंय?"

"तुम्हाला संशय कशावरून आला?"

"परवा एक जण रडायची प्रॅक्टिस करत होता. बाकीचे सांगत होते, अजून जोरात, अजून जोरात. पोलीस रडतो का, तुम्हीच सांगा."

मी जनरल डायरीत नोंद केली, मजल्याचा नंबर लिहिला आणि कागद बडोबाबूंकडे पाठवला. बडोबाबू म्हणजे आमच्या ठाण्याचे प्रमुख. तासाभरात त्यांनी मला वर बोलावलं. त्यांच्या टेबलावर वरिष्ठ कार्यालयाकडून आलेलं एक पत्र होतं, मूळ अमेरिकेतल्या तपास अधिकाऱ्यांचं. त्यातल्या फोन नंबरांचा माग याच इमारतीपर्यंत येत होता.

पत्रातली हकीकत थोडक्यात अशी. कॅलिफोर्नियातल्या एका बंदराच्या शहरात कंबोडियातून निर्वासित म्हणून आलेल्या एक वृद्ध बाई नातीसोबत राहत होत्या. नात कामावर गेली असताना त्यांना त्यांच्याच भाषेत, रेकॉर्ड केलेल्या आवाजात फोन आला. तुमच्या कागदपत्रांत दोष आहे, तीन दिवसांसाठी घर सोडावं लागेल, ते टाळायचं असेल तर अमुक रक्कम भरा. बाईंनी रक्कम भरली नाही. त्यांनी एक पातेलं, थोडे तांदूळ आणि चादर घेतली आणि घर सोडलं. चौथ्या दिवशी त्या महामार्गाच्या पुलाखाली सापडल्या, मृत.

त्यांच्या देशात त्या तरुण असताना नव्या राजवटीच्या सैनिकांनी सबंध शहर रिकामं करवलं होतं. तेव्हाही सांगितलं होतं, तीनच दिवस, मग परत या. बाई चार वर्षांनी एकट्याच परतल्या होत्या. फोन करणाऱ्यांना हे कसं कळलं, असा प्रश्न पत्राच्या शेवटी होता.

आम्ही धाड टाकली ती संध्याकाळी, पाळी सुरू होताना. मुलं विशी-पंचविशीतली. अर्ध्यांनी हात वर केले, सिनेमात करतात तसे, कोणी सांगितलं नव्हतं तरी. मॅनेजरला ताब्यात घेतलं. जप्तीपत्रकावर दोन पंचांच्या सह्या झाल्या आणि संगणक मालखान्यात गेले. मॅनेजरच्या संगणकावर इंग्रजीत लिहिलेलं एक टिपण होतं. त्या बंदराच्या शहरातल्या, पॅसिफिक बेटांवरून आलेल्या सामोअन आणि कंबोडियन, या दोन स्थलांतरित समाजांची सामाजिक आणि आर्थिक परिस्थिती शेजारी शेजारी मांडलेली. लेखकाचं नाव पुसलेलं होतं.

बडोबाबूंच्या प्रश्नांना मॅनेजरचं उत्तर ठरलेलं होतं. "सर, मी बी. कॉम. पास. एवढं इंग्रजी मला वाचताही येत नाही. रिसर्चवाल्यांनी दिलं."

"रिसर्चवाले कोण?"

"ऑनलाइन होते, सर."

पाचव्या दिवशी बडोबाबूंनी मला पुन्हा बोलावलं. ते वैतागलेले होते. "तुम्ही मराठी ना? आहेर तुमच्यात आडनाव असतं म्हणे. या टिपणात एक आहेर आहे. पगारपत्रक पाहिलं, गेटचं रजिस्टर पाहिलं, कुठेच सापडत नाही. एका अहिर नावाच्या गार्डला दोन तास बसवून ठेवला. तो बिचारा यूपीतल्या बलियाचा, त्याला इंग्रजीत नावसुद्धा लिहिता येत नाही."

मी ती ओळ वाचली. सामोअन समाजात लग्न किंवा अंत्यविधी असला की प्रत्येक घराला पैसे, चटया, खाणं द्यावंच लागतं, स्वतःच्या घरात भाडं थकलेलं असलं तरी, असं लिहून पुढे इंग्रजीतच, आहेर हा शब्द तेवढा मराठी ठेवून, एक वाक्य होतं: हा आपल्या आहेरासारखाच प्रकार, फक्त यांच्या पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापायची सोय नाही.

मला हसू आलं. ते फार टिकलं नाही. हे लिहिणारी व्यक्ती मराठी होती, आणि आपल्या मनाशी विनोद करत लिहीत होती. या शहरात अशी माणसं किती असणार?

"सर, आहेर हा माणूस नाही," मी म्हटलं. "लग्नात देतात ती भेट."

बडोबाबूंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे मी पाच दिवस एका भेटवस्तूला शोधतोय?"

मी व्हरांड्यात जाऊन आईला फोन केला.

"आई, न्यू टाउनकडे कोणी मराठी मुलगी राहते का गं? समाजशास्त्र वगैरे केलेली?"

"बँकवाल्यांची धाकटी. त्यांची बदली होऊन चार वर्षं झाली. हुशार आहे हो, पण तोंडातून शब्द काढेल तर शपथ, तुझ्यासारखीच. तिची आई हळदीकुंकवाला आली होती की आपल्याकडे. का गं? स्थळ आहे का कोणाचं?"

"बघू."

"मुलगा काय करतो?"

"आई, नंतर बोलते."

खबऱ्याला आपण खबऱ्या आहोत हे माहीत असतं. आईला माहीत नव्हतं. नंतर कळलं तेव्हा तिनं मला काही विचारलं नाही, आणि मराठी मंडळात जाणंच बंद केलं.

नोटीस दिल्यावर मुलगी वडिलांबरोबर आली. वडील बाहेरच्या बाकावर बसले. त्यांच्या मांडीवर एक फोल्डर होतं. मी जवळून गेले तेव्हा त्यांनी ते उघडून दाखवलं: गुणपत्रिका, पहिलीपासूनच्या. "मॅडम, हिच्या नावावर साधा लेट मार्क नाही," ते म्हणाले.

मुलगी चोवीस वर्षांची. ती इंग्रजीत बोलू लागली, पूर्ण आणि शुद्ध वाक्यांत. मी मराठीत विचारलं, "आहेराचं वाक्य तुमचं ना?"

तिनं मान वर केली. "तुम्ही मराठी आहात?"

"हो."

"मग तुम्हाला तो विनोद कळला."

तिनं सांगितलेलं असं. टिपण तिच्या एम. ए.च्या प्रबंधातून काढलेलं होतं. तिकडे जायला शिष्यवृत्ती मिळाली नाही, म्हणून तिनं व्हिडिओ कॉलवर मुलाखती घेतल्या. सरकारी तक्त्यांत हे दोन्ही समाज 'आशियाई आणि पॅसिफिक बेटवासी' अशा एकाच रकान्यात टाकलेले. सुस्थितीतल्या इतर आशियाई लोकांमध्ये मिसळल्यामुळे दोघांचं दारिद्र्य दिसेनासं झालेलं. तिला त्यांना त्या रकान्यातून बाहेर काढायचं होतं. हे सांगताना ती पहिल्यांदा मोकळेपणानं बोलली, आणि मला मान्य करावं लागेल की मी तपास विसरून ऐकत राहिले. सामोअन लोक गोदीत, पहाऱ्यावर, सैन्यात काम करणारे. एका घरात तीन कुटुंबं, रविवारी चर्च, शिल्लक शून्य. कंबोडियन म्हाताऱ्या माणसांनी डोनटची दुकानं चालवली, शिवणकाम केलं. मुलं शिकली आणि इंग्रजीत गेली, आणि घरात एकमेकांची भाषा पुरेशी उरली नाही.

या ऑफिसच्या नोकरीची जाहिरात 'संशोधन सहायक' अशी होती. विमा विकायचा आहे, लोकांची संस्कृती समजायला हवी, असं मॅनेजर म्हणाला होता.

"विमा नाही हे कधी कळलं?"

"दुसऱ्या महिन्यात."

"मग?"

मी टिपणाची नंतरची आवृत्ती तिच्यासमोर ठेवली. त्यात सामोअन रकान्यात लिहिलं होतं: उपयोग नाही. यांची बेटं अमेरिकेच्याच ताब्यातली, हे जन्मानं अमेरिकेचेच, परत पाठवण्याची धमकी लागू पडत नाही. शिवाय घाबरलेला माणूस आधी दहा जणांना सांगतो. कंबोडियन रकान्यात होतं: सकाळी, तरुण मंडळी घराबाहेर असताना.

"हेही प्रबंधात होतं?"

"निष्कर्ष तोच आहे," ती हळू म्हणाली. "फक्त... वेगळ्या कामासाठी लिहिला."

"आणि तीन दिवस?"

"ते मुलांनी लिहिलं असेल."

चौकशीत एक टप्पा असा येतो की अधिकाऱ्याला ठरवावं लागतं, आता काय सांगायचं आणि काय हातचं राखायचं. बाई गेल्याचं तिला माहीत नव्हतं. बडोबाबूंचं मत होतं की सही होईपर्यंत सांगू नये. मी सांगितलं. पातेलं, तांदूळ, चादर, पूल. मग बाईंचं नाव सांगितलं.

मग तिनं विचारलं, "नात घरी नव्हती?"

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"माझी पहिली मुलाखत. नातीनं भाषांतर केलं होतं. ऑफिसला नमुन्यादाखल नंबर हवे होते, मी माझीच यादी दिली." मग ती म्हणाली, "ताई, ती तीन दिवसांची ओळ माझी आहे."

मी लिहायचं थांबले.

"मुलांनी लिहिलं होतं, पोलीस येऊन अटक करतील. ते चूक होतं. त्या पिढीला अटक या शब्दाची तशी भीती नाही, त्यांना कोणी अटक केलीच नव्हती. त्यांना फक्त घर सोडायला सांगितलं होतं. म्हणून मी खोडून तीन दिवस लिहिलं."

"का?"

"चूक होतं म्हणून," ती म्हणाली. "सुधारलं."

मी अनेक कबुल्या ऐकल्या आहेत. माणसं रडतात, दुसऱ्यावर ढकलतात, देवाची शपथ घेतात. ही मुलगी खोटं बोलत नव्हती. पेपर तपासायला दिलेल्या हुशार विद्यार्थ्याला चूक तशीच सोडवत नाही, तसं तिला ते वाक्य सोडवलं नव्हतं. ती त्या ऑफिसात एकटीच होती जिला या लोकांचं दुःख अचूक माहीत होतं, आणि तिनं ते अचूक लिहिलं.

पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. त्या ऑफिसात सगळे एकच लॉगिन वापरायचे, त्यामुळे ती दुरुस्ती कोणी केली हे फाइलवरून सिद्ध झालं नाही. आरोपपत्र फसवणुकीचं झालं. मृत्यूचा उल्लेख त्यात एका परिच्छेदापुरता आहे. मॅनेजर जामिनावर सुटला, तीही सुटली. वडिलांनी बदली मागून घेतली.

नातीचा जबाब व्हिडिओवर घेतला. ती डोनटच्या दुकानातून बोलत होती, मागे कोणीतरी ट्रे सरकवत होतं. नेहमीप्रमाणे शेवटी मी विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का.

"ती मुलाखत तुमच्याकडे आहे का?" तिनं विचारलं. "आजी त्या आयुष्याबद्दल फक्त त्या एका दिवशी बोलली. आम्हाला कोणालाच सांगितलं नव्हतं. मी भाषांतर करता करता पहिल्यांदा ऐकलं, आणि घाईत निम्मं विसरले. मला ती हवी आहे."

प्रबंध मुद्देमालात होता. अर्ज करून मुलाखतीच्या प्रतीची परवानगी मिळवायला पाच महिने लागले. परवानगीतून पान बारा वगळलेलं होतं, कारण ते खटल्याशी जोडलेलं होतं. तीन दिवसांची हकीकत त्याच पानावर होती. बडोबाबू म्हणाले, "बरंच झालं. पोरीला कशाला त्रास?" मलाही तेव्हा ते बरंच वाटलं. मी बाकीची पानं पाठवली.

आठवड्याभरात मेल आली. आभार मानून एकच प्रश्न होता: अकरानंतर तेरावं पान आहे. बाराव्यावर काय आहे?

या प्रकरणानं मला काही शिकवलं असेल तर ते इथे. धक्का बसू नये म्हणून आपण माणसांपासून जे वगळतो, ते बहुतेकदा आपल्या सोयीसाठी वगळतो. मला नातीला सांगावं लागू नये, म्हणून ते पान गाळलेलं मला बरं वाटलं होतं. आजीचं आयुष्य पुन्हा एकदा परक्या माणसांनी सुधारून तिच्या हातात दिलं होतं, आणि या वेळी सुधारणाऱ्यांत मी होते.

मी पान बारा पाठवलं. सोबत कबुलीतलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, कोणी, कधी आणि का सुधारलं ते. न्यायालयात येणार नव्हतं ते त्या घरात तरी पोहोचावं, एवढाच विचार होता. तिनं उत्तरात लिहिलं की ते पान तिनं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि आईनं मधेच थांबवून विचारलं, हे इतकी वर्षं आपण का विचारलं नाही.

माझी खातेनिहाय चौकशी झाली. ती व्हायलाच हवी होती. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, पान पाठवायची परवानगी कोणी दिली? मी म्हटलं, कोणीही नाही. त्यांनी तेवढं लिहून घेतलं आणि कागद सहीसाठी माझ्याकडे सरकवला.