जिन्यात तोंड एकच

आप्पा मास्तर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी पायांकडे. शहापुरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो तो दिवस मला लख्ख आठवतो. आमचं लोखंडी कपाट जिन्याशी उभं होतं, हमाल घाम पुसत होते, आणि पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून एक उंच म्हातारा वाकून ओरडला, "ती स्लिपर कुणाची रं? काढ आधी. मग कपाटाला हात लाव." मला असा राग आला म्हणून सांगू! घरात अजून दूध उतू गेलं नाही, आणि हा कोण फुकटचा सासरा उपटला? मी वर बघून म्हटलं, "काका, ते रोजचं काम करतात." तर म्हातारा म्हणाला, "रोजचं करणाराच घसरतोय पोरी. नवखा भ्यालेला असतोय."

हायस्कुलात पी.टी. शिकवून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मुलगा पुण्याला. संध्याकाळी गल्लीतल्या तालमीत खुर्ची टाकून बसायचे आणि जोर मारणाऱ्या पोरांना शिव्या घालायचे. बोलणं म्हणजे शिट्टी मारल्यासारखं तोडून. गॅसचा सिलिंडर येवो, नाहीतर गणपतीची मूर्ती, आप्पा दारात हजर. "कोण बोलणार?" हा पहिला प्रश्न. उचलायच्या वेळी हुकूम एकानंच द्यायचा, बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. "तोंड एक, हात चार. हात एक आन् तोंडं चार झाली की बोंबललं सगळं."

आमच्या सीमाभागात जड काही उचलायचं तर आधी घोषणा लागते. कुणीतरी अर्धी देतो, बाकीचे पुरी करतात आणि त्या झटक्यात वजन उचलतात. आप्पांना त्याचा तिटकारा. "घोषणा चौकात द्या. सगळा श्वास घोषणेत गेला की कमरेला काय र्‍हायलं?" दुसरा नियम त्याहून कडक होता. हात निसटायला लागला की मोठ्यानं 'सुटतंय' म्हणायचं. जो म्हणेल त्याला हसायचं नाही. हसला त्याला तालमीतून बाहेर.

हा नियम कुठून आला ते त्यांनी मला एकदा चहा पिता पिता सांगितलं. तरुणपणी गावच्या जत्रेत पैजेचा दगड असायचा, दोघांनी जोडीनं उचलायचा. आप्पा आणि त्यांचा जिवाभावाचा मित्र, दोघांनी उचलला. भोवती सगळा गाव. मित्राचा हात निसटायला लागला, पण एवढ्या लोकांत म्हणणार कसं? दगड आप्पांच्या डाव्या पायावर आला. पायाची दोन बोटं गेली. "त्यानं नुसतं सुटतंय म्हटलं असतं तर मी पाय काढला असता की गं," आप्पा म्हणाले. "त्याचा मला राग न्हाय. पर तो पुन्हा कधी माझ्याकडं बघंना. बोटं दोन गेली, मैतर पुरा गेला."

आता मुख्य गोष्ट. शिरीषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, छातीत दुखून दवाखान्यात न्यावं लागलं. स्टेंट घातले. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या, रोज चालायचं आणि वजन अजिबात उचलायचं नाही. चालायचं कुठं? आमच्या गल्लीत रस्ता उकरून ठेवलेला आणि उरलेल्या रस्त्यावर कुत्र्यांचं राज्य. तेव्हा निपाणीहून माझ्या दिरांचा, प्रकाश भावोजींचा फोन आला. "वहिनी, आमची ट्रेडमिल घेऊन जा. नुसती पडलीय." पडली नव्हती, माझी जाऊ तिच्यावर टॉवेल वाळत घालत होती. मी म्हटलं, "भावोजी, पण ते धूड दुसऱ्या मजल्यावर चढवणार कोण? आमच्याकडं लिफ्ट नाही." भावोजी म्हणाले, "चार पोरं बोलवू, उचलू. त्यात काय!"

'त्यात काय' हे आमच्या सासरचं कुळदैवत आहे. शिरीषही त्याच देवाचा भक्त. "मी पण एक बाजू धरतो," तो म्हणाला. भावोजी आणि चारजण वजन उचलतायत आणि हा खिशात हात घालून उभा आहे, हे या जन्मी होणं नाही. भांडले, रडले, डॉक्टरांचं नाव घेतलं. तो नुसता "बरं बरं" म्हणत राहिला. त्या 'बरं बरं'चा अर्थ मला लग्नापासून ठाऊक आहे. शेवटी खाली जाऊन आप्पांचं दार वाजवलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मी येतो निपाणीला. तालमीतला बाबू येईल, कल्लाप्पा येईल. तुझ्या नवऱ्याची सोय मी लावतो."

बोलताना त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. बरेच महिने मी ते बघत होते. उजव्या हाताचा अंगठा आपला आपण हलायचा. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

निपाणीला आम्ही भाड्याचा टेम्पो घेऊन सकाळी पोचलो तर भावोजींनी अर्धी गल्ली गोळा केलेली. आप्पा आत आले, मशीनची पिन काढली, घडी घालून पट्टा उभा केला आणि म्हणाले, "ह्याला बांधायला पायजे. दोर गाडीत हाय, आणतो." ते दारापर्यंत गेले असतील नसतील, मागं कुणीतरी घोषणा दिली, बाकीच्यांनी पुरी केली आणि सगळ्यांनी मिळून ते धूड उचललं. मशीन तिरकं झालं मात्र, घडी घातलेला पट्टा मगरीच्या जबड्यासारखा उघडला आणि धाडकन फरशीवर आदळला. फरशीला तडा गेला. एका माणसाच्या पायाचा अंगठा जेमतेम वाचला. तो माणूस पांढराफटक पडून आपल्या पायाकडं बघत राहिला.

आप्पा दोर घेऊन परत आले. वाटलं आता ओरडणार, पण हळू आवाजात म्हणाले, "किती तोंडं हाईत हितं?" त्यांनी बाबू, कल्लाप्पा आणि भावोजींना ठेवलं आणि बाकीच्यांना चहाला पाठवलं. पट्टा दोरानं मशीनच्याच खांबाला आवळून बांधला, वरचा बटणांचा डबा सोडवून माझ्या मांडीवर दिला. मग दोन जुन्या वाकळा काढल्या, एक मशीनला गुंडाळली आणि दुसरी खाली अंथरली. "फरशीवर उचलायचं न्हाय, वाकळंवरनं वडायचं. जिथं वडून भागतंय तिथं उचलतोय तो येडा." शिरीष पुढं सरकला तसे आप्पा म्हणाले, "तू बाजूला. तुझी पाळी जिन्यात हाय."

परतीच्या वाटेवर संकेश्वर गेलं, वंटमुरीचा घाट गेला, माझ्या डोक्यात एकच. जिन्यात पाळी म्हणजे काय? मी आप्पांना नवऱ्याला वाचवायला आणलं की वजनाखाली घालायला?

जिन्याशी पोचल्यावर ते कळलं. आप्पांनी सगळ्यांच्या पायांवर नजर फिरवली आणि म्हणाले, "आज शिरीष बोलणार. तोंड त्याचं. तो सांगंल तवाच पायरी." शिरीषचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे मी नुसता बायकांसारखा उभा राहू?" मी म्हटलं, "बायकांनी काय नुसतं उभं राहून संसार केले का रे?" आप्पा हसले नाहीत. "बोलणाऱ्याचं काम सगळ्यात जड. वजन दिसतंय, पर धरता येत न्हाय. जमंल का सांग, न्हायतर दुसरा बघतो." शिरीष म्हणाला, "जमेल." आप्पांनी मला जवळ बोलावलं. "तू त्याच्या मागं उभी र्‍हा. सदरा धरून. तो वाकला की मागं वड."

वरच्या बाजूला भावोजी आणि कल्लाप्पा, त्यांच्याही वरच्या पायऱ्यांवर शिरीष आणि मी. खालच्या बाजूला, जिथं खरं वजन येतं तिथं, बाबू आणि स्वतः आप्पा. मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही खाली कशाला?" ते म्हणाले, "मग कोण? वर तुझा दीर हाय. त्याच्या खाली मी दुसऱ्या कुणाला उभा करू?" भावोजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"पायरी," शिरीष म्हणायचा, आणि मशीन एक पायरी चढायचं. "टेकवा." वाकळेवर टेकायचं. सगळे श्वास घ्यायचे. "पायरी." पहिला टप्पा असा गेला. खाली बिल्डिंगच्या दारात तालमीतली चार मंडळी येऊन उभी राहिली होती, मास्तरांचं काम बघायला. बिल्डिंगमध्ये नुसता शिरीषचा आवाज, दुसरा चकार शब्द नाही. मला वाटलं, होतंय की!

वळणावर घात झाला. आप्पांच्याच दारापुढं जिना वळतो, तिथं मशीन तिरकं करावं लागलं आणि सगळा भार उजवीकडं, आप्पांच्या बाजूला आला. पाय काढल्याशिवाय टेकवायला जागा नव्हती. मी शिरीषच्या खांद्यावरून खाली बघत होते. आप्पांचा उजवा अंगठा हलायला लागला. मग मनगट. मग कोपर. चेहरा दगडाचा. ओठ उघडायचे आणि परत मिटायचे. खाली दारात त्यांची पोरं बघत होती, ज्यांना त्यांनी जन्मभर एकच शब्द शिकवला होता, आणि तो शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर येत नव्हता.

शिरीषलाही दिसलं. त्याचं सगळं अंग पुढं झुकलं. मी दोन्ही मुठींनी सदरा ओढला, एक बटण टणकन उडून जिन्यावरून खाली गेलं. 'देवा,' मी मनात म्हटलं, 'ह्यानं उडी टाकली तर हा जाईल, नाही टाकली तर आप्पा जातील.' ओरडावं वाटत होतं, पण जिन्यात तोंड एकच. आप्पा, बोला हो. बोला की एकदा!

"सुटतंय," आप्पा म्हणाले.

मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. आणि शिरीष, जो कधी शांत आवाजात चहासुद्धा मागत नाही, तो अगदी शांतपणे म्हणाला, "थांबा. वरचे, मागं ओढून धरा. बाबू, तुझ्याकडं घे. आप्पा, आधी पाय काढा." आप्पांनी तो दोन बोटं नसलेला पाय काढला. "आता टेकवा." मशीन घसरत येऊन बरोबर त्या पायरीवर बसलं, जिथं एका श्वासापूर्वी आप्पांचा पाय होता. कल्लाप्पानं दोराचं टोक कठड्याला गुंडाळलं.

तेवढ्यात भावोजींना राहवलं नाही. "काय आप्पा, वय झालं म्हणायचं!" ते हसून म्हणाले. शिरीषनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "प्रकाश, तोंड माझं आहे," तो म्हणाला. भावोजींचं हसू जागच्या जागी विरलं. आप्पांच्या जागी टेम्पोचा ड्रायव्हर आला आणि उरलेल्या पायऱ्या तशाच, एकेक करून संपल्या.

मी खाली आले तेव्हा आप्पा स्वतःच्या दारात पायरीवर बसलेले. मी चहा दिला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, आणि या वेळी हात लपवला नाही. मी शेजारी बसले आणि मला रडू फुटलं. रागानं म्हटलं, "किती वेळ लावलात! माझा जीव गेला असता." ते म्हणाले, "पोरांना शिकवणं सोपं गं. आज म्हणायची पाळी आली तर जीभ टाळ्याला चिकटली. वाटलं, धरतो अजून थोडं. त्या माझ्या मैतराला बी तसंच वाटलं असणार."

"मग म्हणालात कसं?"

"शेजारी बाबूचा पाय दिसला," ते म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

त्यानंतर त्यांनी वजनाला हात लावला नाही. हाताचं दुखणं वाढत गेलं, पुढं पायातही आलं. मुलगा पुण्याला न्यायला आला तर म्हणाले, "तिथं मला ओळखणारं कोण हाय? हितं सुटतंय म्हटलं की माणूस येतोय." आणि खरंच यायचा. सदऱ्याची गुंडी लावताना, आमटीची वाटी उचलताना, त्यांचा तो एक शब्द जिन्यात ऐकू आला की वरून मी किंवा शिरीष, तालमीतून बाबू, जो जवळ असेल तो धावायचा. शिरीष ट्रेडमिलवर चालून आला की घामानं निथळत त्यांच्याकडं जाऊन बसायचा. "किती चाललास?" "अर्धा तास." "पट्ट्याला तेल घातलंस का?" रोज हेच बोलणं.

गेल्या श्रावणात आप्पा गेले. निपाणीहून भावोजी आले. तिरडी खाली अंगणात बांधली होती, आप्पांना पहिल्या मजल्यावरून खाली न्यायचं होतं. त्यांच्याच वाकळेत त्यांना ठेवलं आणि चार कोपरे चौघांनी धरले. पुढं बाबू आणि कल्लाप्पा, मागं आप्पांचा मुलगा आणि भावोजी. शिरीष तीन पायऱ्या खाली, त्यांच्याकडं तोंड करून उभा राहिला. त्याला कुणी सांगावं लागलं नाही. गर्दीतून कुणीतरी मोठ्यानं देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली, तसा बाबू मागं न बघता म्हणाला, "जिन्यात न्हाय."

मी वर दारात उभी होते. सगळ्यांच्या पायांकडं बघितलं. सगळे अनवाणी होते.

"पायरी," शिरीष म्हणाला. मग परत, "पायरी." जिन्याच्या मध्यावर भावोजींचा चेहरा लाल झाला. ते इकडं तिकडं बघायला लागले. अंगण माणसांनी भरलेलं, सगळ्या नजरा वर. त्यांच्या मुठीतून वाकळेचा कोपरा बोटाबोटानं निसटताना मला दिसत होता.

"सुटतंय," भावोजी म्हणाले.

"थांबा," शिरीष म्हणाला. सगळे थांबले. तोच टेम्पोचा ड्रायव्हर गर्दीतून वर आला आणि त्यानं कोपरा धरला. भावोजी बाजूला झाले, भिंतीला टेकले आणि मोठमोठ्यानं रडायला लागले. कुणी हसलं नाही. शिरीषनं सगळ्यांच्या पायांवर एकदा नजर फिरवली, म्हणाला, "पायरी," आणि आप्पा मास्तर जिना उतरले.