शहागडला राहिलेले डॉक्टरसाहेब

डॉक्टरसाहेब आधी रागवायचे आणि मग नाडी पाहायचे. बैलगाडी दवाखान्यासमोर थांबली की आतूनच आवाज यायचा, "जल्दी आणायला काय झालं होतं?" लोक मान खाली घालून ऐकून घेत. शहागडच्या सरकारी दवाखान्यात त्यांच्याआधी आलेले सगळे डॉक्टर बदली करून घेऊन निघून गेले होते. हे हैदराबादचे; हेही जातील, असंच गाव धरून चाललं होतं. बदली त्यांनीही मागितलीच होती.

बायका त्यांच्यासमोर येत नसत. नवरा उंबऱ्यात उभा राहून बायकोचं दुखणं सांगायचा. "पोट तिचं दुखतं, अन् तपासू तुला?" असं करवादत ते अंदाजानंच औषध द्यायचे. त्यातल्या काहीजणी वाचत नसत.

एका पावसाळ्यात त्यांच्या पत्नीचे दिवस भरले होते. मूल आडवं आलं. ओढे-नाले भरून वाहत होते, औरंगाबादची वाट बंद. हाताशी गावची सुईण आणि ते स्वतः. दोन्ही जीव गेले.

त्यानंतर बदलीचा हुकूम आला. त्यांनी तो परत पाठवला आणि संध्याकाळी आमच्या घरी आले. माझे वडील गावच्या शाळेत शिक्षक. मी औरंगाबादला मामाकडे राहून शिकत होते, सुटीत आले होते.

"गुरुजी, हिला डॉक्टरकीला पाठवा."

"पोरीची जात, डॉक्टरसाहेब. हैदराबादेत एकटी कशी राहील? काही झालं म्हणजे?"

"माझी बायको कुठं एकटी होती? डॉक्टरच्या घरात होती."

दुसऱ्या दिवशी वडिलांनी हैदराबादच्या कॉलेजला पत्र घातलं.

मी निघाले तेव्हा डॉक्टरसाहेब म्हणाले, "शिकून इथंच ये, असं मी सांगणार नाही. इथं काय आहे ते तू पाहिलंस."

मी शिकत असतानाच गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. डॉक्टरसाहेब घरोघर औषध घेऊन फिरले आणि शेवटी स्वतःच आडवे झाले. त्यांना तपासायला दुसरा डॉक्टर नव्हता. ते वारल्यावर त्यांच्या जागी कुणी आलंही नाही. दवाखान्याला कुलूप लागलं.

परीक्षा झाल्यावर मी शहागड मागितलं. वरचे साहेब हसले. "वहाँ कौन टिकता है?"

गंजलेलं कुलूप तोडावं लागलं. पहिल्याच सकाळी एक म्हातारी गरोदर सुनेला घेऊन आली. पायरीवर थांबून तिनं मला नीट न्याहाळलं.

"बाई, तुम्ही तरी ऱ्हाताल का? का तुम्ही बी जाताल?"

सून घामानं भिजली होती, पदर दातांत घट्ट धरलेला.  मी सुनेचा हात धरून तिला आत घेतलं आणि दार लावून घेतलं.