आमेनमावशीची कणगी

पाळकसाहेबांची प्रार्थना लांबली की आमच्या देवळात एक आवाज हमखास यायचा. साहेब अजून आजाऱ्यांपर्यंतच पोचलेले असायचे. लढाईवर गेलेली पोरं, सरकारी अधिकारी, पाऊसपाणी हे सगळं बाकी असायचं, आणि बायकांच्या बाजूनं खणखणीत ‘आमेन’ उठायचं. मुलं पटकन डोळे उघडायची. साहेब जरा गडबडायचे आणि उरलेली प्रार्थना भराभर आवरती घ्यायचे. आवाज मावशीचा. कुणी तिला याबद्दल बोललंच, तर तिचं उत्तर ठरलेलं असे. “देवाला एकदा सांगिटलं की कळतंय. त्यो काय भैरा हाय व्हय?” गावातली पोरं तिला आमेनमावशी म्हणायची आणि पुढं थोरांच्याही तोंडी तेच नाव बसलं.

लढाईच्या दिवसांत इस्लामपूरजवळच्या एका गावी मिशनच्या मुलींच्या शाळेत मी मास्तरीण म्हणून गेले, तेव्हा मला राहायला खोली मिळाली ती मावशीच्या शेजारची. मधली भिंत विटांची असली तरी वर कौलांपर्यंत पोचलेली नव्हती. त्यामुळे मावशीच्या प्रार्थना मला रोज फुकटात ऐकायला मिळत. “बापा, मी इस्लामपूरला जातीया. मिरजेला माजी रूथ हाय, तिला बघ. चुलीवर दूध हाय, मांजर येतंय. आमेन.” एवढीच. मी साताऱ्याच्या घरी वडिलांच्या तालमीत लांबलचक, अलंकारिक प्रार्थना करायला शिकलेली. पहिल्या पहिल्यांदा मला हसू यायचं. पुढं माझ्याच प्रार्थना मला दिवाणखान्यातल्या खुर्च्यांसारख्या वाटायला लागल्या, पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेल्या.

मावशी मिशनची बायबलबाई होती. खांद्याला झोळी अडकवून गावोगाव पायी हिंडायचं, बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, गाणी म्हणायची, हे तिचं काम. मळ्यातल्या बायका तिची चेष्टा करायच्या, “आली गं येशूची बाई,” म्हणायच्या, आणि लगेच बसायला पोतंही टाकायच्या. कारण मावशीजवळ गोष्टींच्या आधी खोकल्याचा काढा असायचा आणि माहेरचे निरोप असायचे. एखादीचा मुलगा पलटणीत असला तर मावशी त्याचं नाव विचारून घ्यायची आणि त्याच्यासाठी तिथंच बांधावर उभ्या उभ्या प्रार्थना करायची. ही प्रार्थना कुठल्या देवाला चालली आहे याची त्या आईनं कधी चौकशी केलेली मी पाहिली नाही.

तिचा एक हट्ट मात्र मोठा विचित्र होता. ती कुणाकडून काही घेत नसे. गुऱ्हाळावर कुणी गुळाचा खडा हातावर ठेवला तर तो झोळीत जाई आणि पुढच्या गावी दुसऱ्याच कुणाच्या पोराच्या तोंडात पडे. मी कधी आमटीची वाटी पुढं केली तर म्हणायची, “माजं झालंय बाई.” झालेलं नसायचं. भिंत अपुरी असल्यामुळं कुठल्या दिवशी तिची चूल पेटली आणि कुठल्या दिवशी नाही, हे मला कळायचं. नवरा प्लेगात गेला, दोन मुलं पाळण्यातच गेली, हाताशी राहिली ती एकटी रूथ. इतक्या सगळ्यातून तिला देवानं निभावून नेलं होतं, आणि आता आपल्याकडून फक्त द्यायचंच राहिलं आहे असं काहीतरी तिच्या मनानं घेतलं होतं.

आमच्या मंडळीत मुठीची रीत होती. दळण घ्यायच्या आधी प्रत्येक घरची बाई एक मूठ धान्य देवासाठी वेगळ्या मडक्यात टाकायची. महिनाअखेरीला सगळ्यांची मडकी देवळामागच्या खोलीतल्या कणगीत रिकामी व्हायची, आणि अडल्यानडल्याला त्यातून धान्य मिळायचं. रेशनच्या त्या दिवसांत, ज्वारी किडकी आणि तीही पुरेशी नाही अशा वेळी, बायकांच्या मुठी जरा आखडल्या. यात त्यांना नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं. मावशीची मूठ मात्र होती तेवढीच राहिली. उलट हाताची बोटं लांब असल्यामुळं ती जरा मोठीच भरायची.

त्याच साली रूथ मिरजेहून परत आली. ती तिथं नर्सचं शिकत होती. गोरी, नाजूक, बोलता बोलता हसणारी मुलगी, ती टांग्यातून उतरली तेव्हा मावशीला तिला हात द्यावा लागला. क्षय झाला होता. डॉक्टरांनी मावशीला सांगितलं होतं, औषध असं आमच्याकडे काही नाही, विश्रांती द्या आणि पोटभर खायला घाला, दूध, अंडी, जे मिळेल ते. मावशीचा पगार तो केवढा. आणि घरात माणसं दोन झाली तरी मूठ काही कमी होईना.

मंडळीतल्या बायकांनी मग ठरवलं की दर रविवारी कणगीतून मावशीला धान्य द्यायचं. या बायकांच्या पुढारी मार्थाकाकू. देवळात गाणं कुणी सुरू करायचं यावरून त्यांचं आणि मावशीचं बिनसलेलं होतं आणि वर्षभर बोलणं नव्हतं. पण पहिलं माप काकूंनीच भरलं. मावशी नको नको म्हणत राहिली. शेवटी पाळकसाहेब जरा रागावले, तेव्हा मान खाली घालून तिनं पदरात घेतलं.

आणि पुढं एक नवल झालं. कणगी खाली जाईना. मावशीचं माप जात होतं, आणखी दोन घरांना थोडंथोडं जात होतं, नव्या मुठी तर कमीच पडत होत्या, आणि धान्य बघावं तर जवळजवळ तिथंच. बायकांत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, उंदीरसुद्धा लागलेला नाही बघा. पाळकसाहेब स्वतः जाऊन कणगीत डोकावून आले आणि त्यांचा चेहरा उजळला. पुढच्या रविवारी उपकारस्तुतीची खास उपासना ठरली.

देऊळ भरून गेलं होतं. खिडक्यांशी शेजारपाजारची इतर माणसंही येऊन उभी होती. साहेबांनी शास्त्रातल्या त्या विधवेची गोष्ट घेतली, जिच्या मडक्यातलं पीठ दुष्काळातही सरलं नाही. ते छान बोलायचे. माझ्या शेजारी मावशी बसली होती. ती पदराचं टोक सारखं पिळत होती. मला वाटलं, आनंदानं. साहेब म्हणाले, तोच देव आज आपल्या गावात आला आहे. तेवढ्यात मावशी उठून उभी राहिली.

“साहेब, थांबा. कणगीत धान्य मी वततीया.”

कुणाला काही कळेना. मग तिनं सगळं सांगितलं. देवळाची झाडलोट तिच्याकडं होती, किल्लीही तिच्याकडंच. दर शनिवारी झाडायला येताना ती घेतलेलं धान्य झोळीत घालून आणायची आणि परत कणगीत रिकामं करायची. त्यातला दाणाही घरात शिजला नव्हता. साहेबांनी पुस्तक मिटलं. त्यांनी फक्त विचारलं, “का?”

मावशीनं भिंतीचा आधार घेतला. “ती मूठ मी देवाला दिलीया. ती देऊन मी पोरगी मागितली. दिलेलं परत घेतलं, तर त्यो पोरगीला ठेवायचा न्हाई, असं भ्या वाटलं मला.”

मी तिच्याकडं बघत राहिले. रोज चार शब्दांत सगळं देवावर टाकून मोकळी होणारी ही बाई, तिच्या मनात हा एवढा धाक बसलेला होता, आणि तिकडं घरात रूथची हाडं वर येत होती. मला रडू आवरेना. मग मार्थाकाकू उठल्या. वर्षभरात पहिल्यांदाच त्या तिच्याशी बोलल्या.

“देव काय वाणी हाय व्हय गं, सौदा करायला? आन् आमी ज्या मुठी टाकल्या, त्या कुणासाठी टाकल्या?”

एवढं बोलून त्या मागच्या खोलीत गेल्या, ओचा भरून ज्वारी घेऊन आल्या आणि उपासना तशीच सोडून मावशीच्या घराकडं चालू लागल्या. पाठोपाठ आणखी दोघी निघाल्या. साहेबांनी उपकारस्तुती पुरी केली की नाही ते मला आठवत नाही. दुपारी उशिरा मी घरी आले तेव्हा ज्वारी जात्यावर दळून झाली होती, भिंतीपलीकडं काकूंच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता आणि रूथ त्यांना काहीतरी सांगून हसवत होती. त्या दिवसापासून कणगी रीतसर खाली जायला लागली.

रूथ त्यानंतर पुष्कळ सुधारली. दारातल्या लिंबाखाली बसून माझ्या वर्गातल्या मुलींना विणकाम शिकवण्याइतकी. अंडी शेजारच्या पाटलांच्या घरून यायची, दूध कुणाकुणाकडून, आणि मावशी दारात उभी राहून ते घ्यायची, चेहऱ्यावर फासावर चाललेल्या माणसाचा भाव आणून. पण ज्वारी काढायच्या सुमाराला दुखणं उलटलं, आणि एका सकाळी रूथ गेली. पुढं काही वर्षांनी या रोगावर सुया निघाल्या. ते वर्तमानपत्रात वाचलं त्या दिवशी मी शाळेत शिकवू शकले नाही.

मातीला सगळा गाव होता. मावशी रडली नाही. काकूंनी आणलेलं ताट तिनं पाहिलंसुद्धा नाही. भिंतीपलीकडून प्रार्थनेचा आवाजही आला नाही. देवाशी तिचं कायमचंच बिनसलं की काय, असं वाटून मी रात्रभर भिंतीकडं कान लावून होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाकरी करत होते. मावशी दारात येऊन उभी राहिली. मग आत आली आणि चुलीजवळ भिंतीला टेकून बसली.

“बाई, मला राग आलाय त्येचा,” ती म्हणाली. “लय राग आलाय. सकाळपासनं त्येलाच सांगतीया. दुसऱ्या कुणाला सांगू?”

तव्यावरची भाकरी फुगली होती, ती उतरवायचं मला भान राहिलं नाही. मावशीनंच ती उलथन्यानं काढून ठेवली. मग पदरानं तोंड पुसलं आणि माझ्यापुढं हात पसरला.

“भूक लागलीया. वाढ.”