सतराचा पाढा, पाच डब्यांतून

अर्धांगाच्या झटक्यानंतर वडिलांचे हातपाय सावरले, वाचा मात्र अडखळली. उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, पाठ असलेलं रोज म्हणवून घ्या. वडिलांना पाढे पाठ. म्हणून मी रोज संध्याकाळी शहरातून पिशोरजवळच्या आमच्या शेतवस्तीवर फोन लावायचो आणि ते सतराचा पाढा म्हणायचे. सुधारणा दिसली नाही तर त्यांना शहरात आणायचं ठरलं होतं. त्यांना वस्ती सोडायची नव्हती.

वस्तीवर मोबाइलला रेंज नाही. गावातल्या घरी इंटरनेट होतं; तिथून वस्तीपर्यंत मी पाच वायरलेस डबे बसवले होते. एकानं सिग्नल पकडायचा, पुढच्याला द्यायचा. पण आवाज तुटायचा. "सतरा, चौतीस... अडुसष्ट." एक्कावन्न वडिलांनी गाळलं की डब्यांनी?

"समदे म्हणाले की रं दादा! तू लई हिशोबी," वस्तीवर त्यांच्याजवळ राहणारा धाकटा भाऊ म्हणायचा. वडिलांना नेऊ नये म्हणून तो काहीही म्हणाला असता.

मग मी या डब्यांबद्दल वाचत बसलो. आपलं बोलणं सेकंदाला पन्नास तुकडे होऊन जातं, आणि प्रत्येक तुकड्यावरचा पत्ता त्या तुकड्यापेक्षा मोठा असू शकतो, हे वाचून मी थक्क झालो. एवढासा तुकडा पुढे पाठवायला प्रत्येक डबा दर वेळी वेगळा नंबर लावत होता. त्यात कांदाचाळीवरच्या कॅमेऱ्याची चित्रंही त्याच वाटेनं. मी दोन गोष्टी बदलल्या. थोडे तुकडे एकत्र बांधून एकाच खेपेत पाठवायचे, आणि आवाज आधी, चित्रं मागून. बांधण्यात किंचित उशीर होतो. कानाला कळत नाही.

त्या संध्याकाळी वडिलांनी सुरू केलं. "सतरा, चौतीस, एक्कावन्न, अडुसष्ट, पंच्याऐंशी..."

शांतता. एरवी मी "हॅलो, हॅलो" केलं असतं. पण या शांततेत श्वास ऐकू येत होता. हवेतून, पाच डब्यांवरून, तुकडे होऊन आणि पुन्हा ओळीनं जुळून माझ्या बापाचा श्वास माझ्या कानात पोचत होता. आवाज तुटला नव्हता. ते आकडा शोधत होते. मी थांबलो.

"दुहोत्रासे," ते म्हणाले. त्यांच्या शाळेत एकशेदोनला तसंच म्हणत.

"बघ! आता तरी पटलं?" भाऊ मागून ओरडला.

"थांब, अजून चार राहिलेत."

"गप... ऱ्हा... दोघं बी," वडील म्हणाले.

हे पाढ्यात नव्हतं.