कुरडयांच्या चादरीआड

सुनंदा, हे पत्र निवांत बसून वाच. आज तुला रागवायचंच आहे मला. परवा फोनवर काय म्हणालीस? "मावशी, घरामागं बर्फाचा कारखाना झाला. वास येते कधी कधी, पन आता सवय झाली." अगं, त्याची कसली सवय? नाक मरतं, बाई. वास आपल्या जागी असतोच. तेव्हा आता ऐक, आणि तुझ्या शेजारणींनाही हे वाचून दाखव.

"आजी, डाव्या डोळ्याला केमिकल बर्न झालाय. म्हणजे रसायनानं डोळा भाजलाय. नजर राहील का, ते आज नाही सांगता येणार."

बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई हे बोलल्या तेव्हा माझ्या अंगावर दवाखान्याचा झगा होता, केसांतून पाणी गळत होतं आणि नखांत गव्हाचा चीक सुकलेला होता. सकाळी तर मी कुरडया घालत होते.

आमचं गाव उंद्रीच्या वाटेवर. घरासमोर मोकळी जागा, आणि तिच्या कडेला कुंपणापलीकडं बर्फाचा कारखाना. बर्फ गोठवायला तिथं अमोनिया वायू वापरतात, एवढं सगळ्यांना ऐकून ठाऊक. उन्हाळा होता. माझी धाकटी जाऊ चंद्रकला, शेजारच्या तिघी आणि मी, बाजांवर धुतलेल्या चादरी अंथरून सोऱ्या फिरवत होतो. वास सकाळपासून होता. कोणी बोललं नाही. सवय!

कुंपणाजवळ ठेवलेली परात आणायला मी गेले आणि पलीकडं फट्‌ असा आवाज झाला. पांढरा धूर आला, आणि गंमत अशी की तो धूर थंडगार. छातीवर फवारा बसला, लुगडं भिजलं. डाव्या डोळ्यात कोणी मिरची वाटून भरली असं झालं. श्वास घेऊ गेले तर घसाच आवळला.

मी पळाले. जन्मभर सुपानं धान्य उपणलं, भुसा कुणीकडं उडतो ते मला झोपेतही कळतं. आणि मी भुशासारखीच वाऱ्याबरोबर पळाले! धूर माझ्यासंगं पळत होता.

"आक्का, तिकडं कुठं चालल्या? आडव्या या, आडव्या!" चंद्रकला ओरडली. पदर ओला करून तिनं नाकाला बांधला, मला हाताला धरून वाऱ्याला आडवं ओढलं आणि वळसा घालून घरामागच्या हौदाशी आणलं. धूर वाऱ्याबरोबर बाजूनं निघून जात होता, हौदाकडं येत नव्हता.

आरडाओरडा ऐकून गल्लीतले पुरुष जमले. कोणी म्हणालं, डोळ्यात तूप सोडा, गार वाटीन. मीही तूपच मागत होते. पण चंद्रकलेनं एकशे आठला फोन लावून आवाज मोठा ठेवला होता. फोनवरची मुलगी सांगत होती, "काही लावू नका. डोळे चोळू देऊ नका. भरपूर पाणी घाला, भिजलेले कपडे लगेच काढा. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका, आधी पाण्यानं सुटू द्या."

कपडे काढा! मी लुगडं दोन्ही मुठींत घट्ट धरलं.

"मी नाही सोडत. माणसं उभी हायेत."

"हायेत त हायेत. डोळा गेल्यावर कोनाची लाज पाह्यसान?"

"मेले तरी चालीन."

खरंच म्हणाले मी असं. हसू नको सुनंदा, तूही हेच म्हणाली असतीस. आपल्याकडच्या बाया मरतील, पण चारचौघांत पदर ढळू देणार नाहीत. आणि तोवर ते लुगडं मला भाजत होतं.

चंद्रकला वाद घालत बसली नाही. बाजेवरून चादर खस्‌कन ओढली. ओल्या कुरडया सगळ्या मातीत. तिघी शेजारणींनी चादर चहूबाजूंनी धरली, माझ्याकडं पाठ आणि पुरुषांकडं तोंड करून. एक जण खेकसली, "तिकडं पाहा की! चादर नाही पाह्यली का कधी?" सगळे गपचूप वळले.

मग मी मूठ सोडली.

त्या हौदाच्या पाण्यावरून आम्ही दोघी जावा लग्न होऊन आल्यापासून भांडत आलोय. तिनं तो माझ्या अंगावर उपसून रिकामा केला. पापणी बोटांनी उघडी धरून डोळ्यात धार सोडत होती आणि बोलत होती, "इतकं पानी त तुम्ही मले दिवाळीलेही नाही घेऊ देल्लं, आक्का." मी रडत होते की हसत होते, देव जाणे. गाडी आली तरी तिची धार चालूच होती.

दवाखान्यातही पुन्हा पाणी. डॉक्टरीणबाई डोळ्याला कागदाची पट्टी लावून पीएच बघायच्या. म्हणजे रसायन अजून डोळ्यात शिल्लक आहे का, ते पट्टीच्या रंगावरून कळतं. "अमोनिया अल्कली आहे, आजी. ॲसिड बहुतेक वरवर जाळतं, हा आत शिरत जातो. म्हणून पहिलं पाणी घरीच मिळालं हे फार मोठं झालं." छातीसाठी नेब्युलायझर लावला, म्हणजे औषधाची वाफ. धाप उशिरानंही लागते म्हणून घरी सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं. कॉर्नियावर, म्हणजे बुबुळाच्या काचेवर, जखम होती. पण काच पांढरी पडली नव्हती. "आशा आहे," एवढंच म्हणाल्या. नंतर तपासणीच्या बाकांवर किती सकाळी गेल्या, मोजल्या नाहीत. चंद्रकला शेजारी असायची, बोटांना मलम लावून. माझं लुगडं सोडताना तिचीही बोटं भाजली होती. डॉक्टरीणबाई तिलाही बोलल्या, "मदत करणाऱ्यानं हातात प्लास्टिकची पिशवी तरी घालावी."

एका सकाळी उजवा डोळा झाकून त्यांनी विचारलं, "समोर कोण?" आधी धुकं दिसलं. मग धुक्यात मोठं कुंकू दिसलं.

"आमची चंद्रकला," मी म्हणाले. ती तोंडाला पदर लावून बाहेरच गेली.

आता डाव्या डोळ्यानं थोडं धूसर दिसतं, पण दिसतं. कारखान्याला आम्ही बायांनी मिळून सांगितलं. आता तिथं वाऱ्याची दिशा दाखवणारं कापड लावलंय आणि भोंगा बसलाय. आणि मी हौदाजवळ खिळ्याला एक जुनी चादर टांगून ठेवलीय. वाळत घातली नाही, तिथंच राहते ती. तुझ्या नळापाशीही एक टांग. वास वाढला तर सवय म्हणू नको. पोरांना घेऊन वाऱ्याला आडवी नीघ, आणि काही आणायला माघारी फिरू नको.

यंदा चंद्रकलेनं कुरडया पुन्हा घातल्या. मागच्या मातीत गेल्या त्याचा हिशोब मला अजून ऐकवते. तू लवकर ये, बाई. तळून ठेवते. आणि उजवा डोळा झाकून तुझं तोंड पाहायचं राहिलंय माझं.