‘संपलं’ काढून टाकण्याचा प्रस्ताव

ऑफिसात त्याला सगळे ‘व्याकरण’ म्हणत. कुणाच्याही प्रोग्रॅममधला चुकलेला स्वल्पविराम त्याला लांबून दिसायचा, आणि दिसला की तो गप्प बसायचा नाही. दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या त्या कंपनीत तो अकरा वर्षं संगणकाच्या एकाच भाषेत काम करत होता. ती भाषा ठिकठिकाणचे हौशी लोक मिळून सांभाळत. कुणीही तिच्यात बदल सुचवावा, मग इंटरनेटवरच्या एका पानावर सगळ्यांसमोर त्यावर चर्चा व्हायची.

त्या भाषेत सूचनांचा एकेक गट आटोपला की ‘संपलं’ असं लिहावं लागे. एकेका पानावर वीस-वीस वेळा. व्याकरणला त्याचा भारी वैताग. चार महिने खपून त्याने प्रस्ताव लिहिला: हा शब्द काढून टाका, ओळीआधी किती जागा मोकळी सोडलीय त्यावरून कुठे काय संपलं ते दिसतंच.

लोकांनी प्रस्ताव डोक्यावर घेतला. एकाच सभासदाचा विरोध होता: शब्द राहू द्या, नुसत्या जागेवर माझं भागणार नाही. तेच पुन्हा दुसऱ्यांदा आलं, जरा लांबलचक. व्याकरणने ते पुरतं वाचलंच नाही. लिहून टाकलं, “ज्यांना एवढी जागा दिसत नाही, त्यांनी आधी डोळे तपासून घ्यावेत.”

त्या ओळीखाली पटापट हसण्याची चिन्हं आली. सकाळी चहा घेताना त्याने ते बायकोला आणि चार दिवस राहायला आलेल्या ताईला मोठ्याने वाचून दाखवलं.

“कशी जिरवली!”

बायको हसली. ताईने विचारलं, “पण आहे कोण तो?”

“असेल कुणी रिकामटेकडा.”

ऑफिसात पोचून त्याने चर्चेचं पान उघडलं, तर खाली उत्तर आलेलं. “तपासलेत. मला जन्मापासून दिसत नाही. संगणक वाचून दाखवतो ते ऐकून मी काम करते. हे वरही लिहिलं होतं.”

त्याने वर जाऊन पाहिलं. खरंच लिहिलं होतं. त्याचे कान तापले. आपली ओळ पुसावी म्हणून त्याचा हात पुढे गेला, आणि मग लक्षात आलं, तिने ती केव्हाच ऐकलीय.

संध्याकाळी त्याने माफीचं पत्र लिहून ताईला दाखवलं. चांगलं दीड पान होतं.

ताई म्हणाली, “यात तुझे कष्ट आहेत, तुझा हेतू आहे. ती कुठंय?”

त्याने सगळं खोडलं. ‘तुमचं म्हणणं न वाचताच मी तुमची टर उडवली. चूक माझी आहे.’ एवढंच राहिलं. ते त्याने सगळ्यांसमोर, त्याच पानावर टाकलं.

दोन दिवसांनी तिने त्याचा नंबर मागून फोन केला आणि त्याला आपला संगणक ऐकवला. आवाज इतका भरभर धावत होता की त्याला एक अक्षर कळेना.

“मोकळी जागाही बोलायला लावता येते,” ती म्हणाली. “पण मग प्रत्येक ओळीआधी जागांचे आकडे, चार, आठ, आठ, बारा, ऐकत बसायचं. डोकं उठतं.”

“माझं ते वाक्य…” त्याने सुरुवात केली.

“तसली वाक्यं ऐकायची सवय आहे मला. मी दोनदा समजावून लिहिलं, ते तुम्ही वाचलं नाहीत. ते लागलं.”

मग “ठेवते” म्हणून तिने फोन ठेवला.

त्याने प्रस्ताव मागे घेतला. ऑफिसात साहेबांनी कारण विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, “तांत्रिक अडचण होती.” सगळ्यांनी माना डोलावल्या. दिवसभर त्याला जेवण गोड लागलं नाही, की कामही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये तो उभा राहिला आणि त्याने घडलं ते सगळं सांगितलं, त्या ओळीसकट. टेबलापलीकडच्या दोघांनी माना खाली घातल्या. त्या ओळीवर त्यांनीही हसण्याची चिन्हं लावली होती. साहेब खाकरले आणि पुढच्या विषयाकडे वळले.